अर्धपोटी माश्या

माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी तक्रार केलेली नाही. करणार कोण? जेवणाऱ्यांना सहा पाय, दोन पंख, आणि तोंड म्हणाल तर मोहरीच्या दाण्याहून लहान. आमच्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर माश्यांचं स्वयंपाकघर आहे आणि एकतीस वर्षं ते माझ्या ताब्यात आहे. माश्या म्हणजे घरातल्या नव्हेत. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, ती तांबड्या डोळ्यांची चिलटं. वरच्या तीन मजल्यांवर शिकलेली माणसं त्यांच्यावर अभ्यास करतात, खाली मी त्यांना रांधून घालते.

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, पाणी, आणि सगळं घट्ट धरावं म्हणून अगरची पूड. ढवळत राहायचं, तळ सोडायचा नाही. खाली उतरवून पातेल्याला तळवा टेकवता आला की मगच बुरशीचं औषध घालायचं. त्याआधी घातलं तर औषधाचा गुण जातो, हे मला कुणी शिकवलेलं नाही, दोन पातेली बुरसली तेव्हा कळलं. मग काचेच्या नळ्यांत बोटभर ओतायचं, निवलं की कापसाचं बूच लावायचं. दिवसाला तीस ट्रे, ट्रेत शंभर नळ्या. नळ्या धुण्याचं काम माझ्या सुनेचं. शाळा माझी चौथीत सुटली, पण आकडा मला फसवत नाही आणि पातेलं तर मुळीच नाही.

वरच्या मजल्यावर एक समिती होती. परदेशातून पीएच.डी. करायला मुलं यावीत, आली की टिकावीत, आणि वर्षाला त्यांचं काम बघून मुदत वाढवावी, एवढंच तिचं काम. यायची, पण टिकायची नाहीत. चार वर्षांत तीन आली, तिन्ही गेली. एकजण तर टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला. समितीच्या साहेबांना आम्ही फायलीवाले म्हणायचो, कारण काखेत फाईल नाही असे ते कुणाच्या पाहण्यात नव्हते. तिसरा गेल्यावर ते खाली आले.

"बाई, तुमच्या विभागात परदेशी संशोधकांचं स्वागत कसं होतं? पाचपैकी गुण द्या."

"कुणाला? तुम्हाला?"

सून नळ्यांवर आणखी वाकली. तिच्या पाठीवरून मला कळलं की हसतेय.

"मला नाही हो, विभागाला."

"माझ्याकडे आजवर कुणी परदेशी आलाच नाही, साहेब. तुम्ही त्यांना छत्री देता, नकाशा देता, चहा पाजता आणि खोलीत बसवता. खाली कोण पाठवतं?"

त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. गेलेल्या तिघांच्याही खोल्यांत संस्थेच्या छत्र्या कोऱ्या सापडल्या होत्या, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

चौथी आली ती मात्र पहिल्याच दिवशी खाली आली. दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम, म्हणजे तिच्या गाईड, तिला घेऊन दारात उभ्या. "मावशी, ही आपली नवी विद्यार्थिनी. हिच्या माश्या आता तुमच्याकडे जेवणार." पोरगी अंगानं किरकोळ, केस कानापर्यंत कापलेले, डोळे सगळीकडे. तिनं पातेल्यात वाकून पाहिलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "किती वेळ ढवळता?"

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आमची भाषा ती माझ्याच स्वयंपाकघरात शिकली. तिच्या खोलीत सगळे कॉम्प्युटरशी बोलायचे, माणसाशी नाही. रोज दुपारी आपले ट्रे न्यायला यायची आणि स्टुलावर बसायची. आम्ही तिचं नाव पाहुणी ठेवलं. तिनं माझं आजी ठेवलं.

"आजी कुणाला म्हणतेस गं?"

"तुम्ही माझ्या आजीएवढ्या दिसता."

"तुझी आजी म्हातारी असेल."

"ती रोज डोंगर चढून जाते."

"मग म्हण."

तिनं मला कागदाची चिठ्ठी दिली होती. दर आठवड्याला दोन पातेली लागणार, चार-चार लिटरची. एकाला अ म्हणायचं, दुसऱ्याला ब. अ मध्ये यीस्ट चारशे ग्रॅम, नेहमीसारखं. ब मध्ये सगळं तेच, पण यीस्ट दोनशे. का, ते चिठ्ठीत नव्हतं. तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं, आणि मॅडमना स्वयंपाकीणबाईला कारण सांगायची सवय नव्हती.

त्याच महिन्यात भांडाराचं परिपत्रक आलं होतं की सामान जपून वापरा. मी दोन आणि दोन चार केले. बाकी एकाही खोलीची चिठ्ठी कापलेली नव्हती, कापलेली होती ती हिचीच. नवी आहे, परकी आहे, तोंड उघडणार नाही, म्हणून हिच्या अर्ध्या माश्यांच्या तोंडचा घास काढलाय वरच्यांनी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या स्वयंपाकघरातून कुणाच्या जिवाला अर्धं पोट जाणार? तेही घरदार सोडून आलेल्या पोरीच्या?

विचारायला मी गेले नाही. माझ्या चुलीवर काय कमी पडतंय हे मी दुसऱ्याला विचारणार होय? यीस्टच्या डब्यात हात घातला आणि ब च्या पातेल्यात वरून चार मुठी टाकल्या.

सुनेनं पाहिलं. "आई, चिठ्ठीत दोनशेच आहे."

"चिठ्ठीला पोट नसतं."

सात महिने असंच चाललं. दर सोमवारी दोन पातेली, आणि ब मध्ये माझ्या चार मुठी. पाहुणीला मी बोलले नाही. उपकार बोलून दाखवायचा नसतो, एवढं मला कळतं.

तिकडे ती काय करत होती ते मी कधी कामानं वर गेले की बघायचे. माश्यांची खोली उबदार, बाराही महिने एकाच उबेची. अ च्या शंभर नळ्या, ब च्या शंभर नळ्या, प्रत्येकीत दहा माश्या, सगळ्या एकाच दिवशी जन्मलेल्या. एक दिवसाआड ती प्रत्येक नळीतल्या माश्या ताज्या खाण्याच्या नळीत टाकायची, एकही उडू न देता. तळाशी मेलेली दिसली की मोजायची आणि तारीख घालून लिहायची. सुट्टी नाही, रविवार नाही. तापानं फणफणत होती त्या दिवशीही मोजून गेली. एक फेरी निम्म्यावर आली की पुन्हा नव्या दोन हजार. अशा तीन फेऱ्या. म्हणजे सहा हजार मरणं, आणि प्रत्येकाला त्याची तारीख. माणसांच्यासुद्धा तारखा कुणी इतक्या जपत नाही. आपल्या घरात आजेसासऱ्यांची तिथी विचारली तर दोघं दोन सांगतात.

आठव्या महिन्यातल्या एका मंगळवारी ती रिकाम्या नळ्या घेऊन आली आणि स्टुलावर बसली नाही.

"आजी, मी परत जाते."

"सुट्टीवर?"

"नाही. कायमची. गुरुवारी समितीची बैठक आहे, माझं पहिल्या वर्षाचं काम बघणार. ते मुदत वाढवणार नाहीत. त्यांनी नाही म्हणायच्या आधी मीच म्हणते."

"का पण? काय केलंस तू?"

"तेच कळत नाही." तिनं आपले दोन्ही तळहात पुढे केले, जणू मी त्यात काही शोधून देणार होते. "जे सगळीकडे दिसतं ते माझ्याकडे दिसत नाही. तीन वेळा केलं. बाहेरच्या परीक्षकांनी लिहिलंय की मोजणी निष्काळजी असावी. माझ्या हातातच काहीतरी खोट आहे, आजी."

मी फायलीवाल्यांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. चौथीही चालली.

"जायच्या आधी तुम्हाला एक दाखवायचंय," ती म्हणाली. "वर चला."

एकतीस वर्षांत मी दुर्बिणीला, त्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपला, डोळा लावला नव्हता. कुणी लाव म्हटलं नव्हतं आणि मी कुणाकडे काही मागत नाही. तिनं माशीची एक अळी काचेवर ठेवली. अर्ध्या तांदळाएवढी, पांढरी, सून नळ्या धुते तेव्हा रोज शेकड्यांनी गटारात जाताना मी पाहिलेली. "एक डोळा मिटा," ती म्हणाली.

आधी नुसता उजेड दिसला. मग उजेडात ती अळी. पांढरी कुठली, ती काचेची होती! आरपार. आत दोन रुपेरी दोरे शेपटीपासून डोक्यापर्यंत गेलेले, त्यांना बारीक बारीक फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. आणि पाठीकडून, त्या दोन दोऱ्यांच्या मधोमध, काहीतरी मिटत होतं, उघडत होतं. मिटत होतं, उघडत होतं.

"हे काय लुकलुकतंय?"

"हृदय."

मी डोळा काढला नाही. काढता येईना. माझ्याच कानात माझं काळीज वाजायला लागलं, आणि ते त्या तिथल्यापेक्षा सावकाश होतं.

"हे सगळ्यांना असतं?"

"सगळ्यांना."

एकतीस वर्षं. दिवसाला तीन हजार नळ्या. मी हिशेब करायला गेले आणि सोडून दिला. एवढ्या काळजांना मी खाऊ घातलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मला वाटायचं मी चिलटं पोसते. देवळाच्या दारात उभं असताना अंगातून वारं जातं, तसं झालं. चप्पल बाहेर काढून आले नाही याचीसुद्धा लाज वाटली.

डोळे पुसताना तिला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळले. तिथं कागद लावला होता. डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली उतरणारी रेघ, पायऱ्यापायऱ्यांची.

"हा कसला जिना?"

"ह्या माझ्या माश्या. एक मेली की एक पायरी खाली. लाल रेघ अ ची, निळी ब ची."

"मला एकच दिसते."

"तीच तर अडचण आहे. दोन दिसायला हव्यात. निळी वर राहायला हवी. ब च्या माश्या जास्त दिवस जगायला हव्यात."

"ब च्या का म्हणून?"

"कारण त्यांना अर्धपोटी ठेवलंय ना, मुद्दाम. कमी खाल्लं की आयुष्य वाढतं. जगात कितीतरी प्रयोगशाळांत दिसलंय. ते का होतं हे मला शोधायचं होतं, पण माझ्याकडे ते मुळात होतच नाही."

मुद्दाम. मी जिना उतरून खाली कशी आले ते मला आठवत नाही.

सुनेनं माझं तोंड पाहिलं. मी सांगितलं. तिनं हातातली नळी ठेवली. "त्या चार मुठी!"

"हळू बोल."

"सांगून टाका, आई."

"काय सांगू? एकतीस वर्षं माझ्या पातेल्यावर कुणी बोट ठेवलं नाही. आता जाऊन सांगू की मी चिठ्ठी मोडली? उद्या काढून टाकतील. आणि नाही काढलं तरी प्रत्येक पातेल्याशी कुणीतरी उभं करतील, वजन बघायला."

"करू देत. त्या पोरीला वाटतंय तिच्या हातात खोट आहे. खोट तुमच्या हातात आहे."

घरात आजवर मला असं कुणी बोललं नव्हतं. "तोंड सांभाळ," म्हटलं. ती गप्प बसून नळ्या धुवायला लागली, आणि ते जास्त लागलं. त्या दुपारी माझं पातेलं तळाला करपलं. एकतीस वर्षांत पहिलं.

बुधवारी सकाळी मी वर गेले. पाहुणी पुस्तकं खोक्यात भरत होती. मी बसले नाही. उभ्यानं, एका दमात, सगळं सांगितलं. परिपत्रक, माझा राग, चार मुठी.

ती हळू आवाजात म्हणाली, "सात महिने, आजी."

तिनं मला फटकारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "कधीपासून?"

"पहिल्या पातेल्यापासून."

"प्रत्येक वेळी? कधी विसरलात, असं?"

"प्रत्येक वेळी."

"चारच? कधी तीन, कधी पाच?"

"मला समजलीस तरी कोण तू?" चुकलेली मी, आणि तरी आवाज माझाच चढला. "माझी मूठ म्हणजे मूठ असते."

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं बारीक वजनकाटा उचलला आणि माझ्या पुढे होऊन जिना उतरली. खाली यीस्टचा डबा उघडून मला म्हणाली, "घाला हात."

मी मूठ भरली, तिनं वाटीत धरून तोलली, लिहिली, परत डब्यात. पुन्हा मूठ. पुन्हा. सून नळ सोडून बघत उभी राहिली. वीस वेळा झालं. पाहुणी आकडे मोठ्यानं वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. "पन्नास. पन्नास. एकावन्न. पन्नास. एकोणपन्नास. पन्नास. पन्नास..."

"म्हणजे काय?" सुनेनं विचारलं.

"म्हणजे ब मध्येही चारशेच होतं. अ मध्ये जेवढं, तेवढंच."

"तेच सांगतेय मी," मी म्हटलं. "सत्यानाश केला तुझा."

"थांबा. थांबा, आजी." ती स्टुलावर बसली, दोन्ही हात डोक्यावर. "दोन्हींना एकच जेवण होतं. मला ते माहीत नव्हतं. मी तर फरक शोधत होते, रोज, जीव तोडून. माझी मोजणी जरा जरी हलली असती, एखाद्या दिवशी आळस केला असता, मनात होतं तसं वाचलं असतं, तर रेघा वेगळ्या झाल्या असत्या. सहा हजार माश्या, आजी. आणि त्या एकावर एक बसल्या."

तिनं पुढं बोलायची गरज नव्हती. जेवण एक होतं म्हणून उत्तर एक आलं. मी लपवलेली गोष्ट त्या पोरीच्या मोजणीनं सात महिने सरळसरळ सांगितली होती. ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

गुरुवारी मी कामाच्या कपड्यांतच बैठकीला गेले. टेबलाभोवती सहाजण, मॅडम एका कडेला, पाहुणी उभी. फायलीवाले उठले.

"बाई, ही बैठक बंद दाराआड असते."

"मग दार लावून घेते," मी म्हटलं आणि आतून लावलं.

सगळं पुन्हा सांगितलं. यीस्टचा डबा आणि वजनकाटा सुनेच्या हाती वर आणवलाच होता. बाहेरचे परीक्षक म्हणजे एक वयस्क गृहस्थ, भुवया पांढऱ्या, बोलणं कमी. ते म्हणाले, "मूठ भरा." पाच वेळा भरायला लावली. काट्यावरचा आकडा ते स्वतः वाकून बघत होते. मग त्यांनी पाहुणीकडून दोन पातळ कागद मागून घेतले, एकावर लाल रेघ, एकावर निळी. एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडासमोर धरले. बराच वेळ धरून राहिले.

"मी निष्काळजी लिहिलं होतं," ते म्हणाले. "तो शब्द खोडा. इतकी स्वच्छ मोजणी मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलेली नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, एकदा विचारलं का नाहीत?"

"तुम्ही एकदा सांगितलं का नाहीत?"

त्यांनी मान खाली घातली. मीही घातली. खरं तर मलाच आधी घालायला हवी होती.

मला लेखी ताकीद मिळाली. फायलीवाल्यांनी ती तिथल्या तिथे लिहिली, अक्षर फार सुरेख आहे त्यांचं. मी सही केली. पाहुणीची मुदत एका वर्षानं वाढवायचं ठरलं, पण पुन्हा पहिल्या अंड्यापासून सुरू करायचं. परीक्षकांनी तिला विचारलं, "सात महिने वाया गेले. थांबणार?"

तिनं खिडकीकडे पाहिलं, मग त्या दोन कागदांकडे.

"थांबते," ती म्हणाली.

फायलीवाल्यांनी पेन सरसावलं. "तुम्हाला इथे टिकून राहण्यासाठी संस्थेनं काय पुरवावं?"

"दोनशे नळ्या," पाहुणी म्हणाली. "आणि दोन्ही पातेली आजींनीच शिजवायची. मला बसून सगळं विचारायचंय त्यांना, आणि त्यांना सगळं सांगायचंय."

त्यांच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात नवी अंडी निघाली. ब चं पातेलं चढवलं की माझा हात आपोआप डब्याकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. तुम्हाला वाटेल सोपं आहे. भुकेल्याला कमी वाढून बघा एकदा. मी पातेल्यापाशी उभी राहून मनात म्हणायचे, घ्या रे, एवढंच आहे, तिला काहीतरी कळू दे.

साठ दिवस झाले तेव्हा ती काही बोलली नाही. सत्तर झाले तेव्हाही नाही, पण चालताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. चौऱ्याऐंशीव्या दिवशी तिनं मला आणि सुनेला वर बोलावलं.

माश्यांच्या खोलीत अ च्या शंभर नळ्या ओळीनं उभ्या होत्या, रिकाम्या. पोटभर जेवलेल्यांतली शेवटची सकाळीच गेली होती. शेजारी ब च्या नळ्या. मी वाकले. आत, माझ्या अर्ध्या वाढलेल्या ताटावर जगून, त्या चालत होत्या. एक तळाशी घसरली, पंख झटकले आणि पुन्हा काच चढायला लागली, चिकाटीनं, एकेक पाय टेकत. पलीकडच्या नळीत दुसरी. तिच्या पलीकडे तीन. मला आता त्यांच्याकडे नुसतं बघताच येत नाही, आतलं ते मिटणं-उघडणं दिसायला लागतं.

सून कुजबुजली, "अजून आहेत."

पाहुणी बोटानं एकेका नळीवर थांबत पुढे सरकत होती, ओठ हलत होते. आम्ही दोघी तिच्या मागून पावलापावलानं, जणू आवाज झाला तर काही मोडेल. शेवटच्या नळीशी ती थांबली आणि आमच्याकडे वळली. चेहरा असा की मी तो नुसता बघत राहिले.

"एकशे एकतीस," ती म्हणाली.

"परत मोज," मी म्हटलं.

ती पहिल्या नळीपाशी गेली आणि तिनं परत मोजायला सुरुवात केली.